केझायाच्या दारातलं तळं

थॉर्नली हॉल या टेकाडावरच्या हवेलीच्या दिवाणखान्यातून खालचं गाव दिसायचं, आणि हवेलीचे मालक सर अँब्रोज यांना नेमकं तेच खुपायचं. त्यांना तिथे तळं हवं होतं. गावची जमीन त्यांच्याच इस्टेटीची; त्यांनी टेकडीपलीकडे नवी घरं बांधली आणि अख्खं गाव तिकडे हलवलं. कुणी कुरकुरलं, कुणी रडलं, पण गेले सगळे. राहिली एकटी केझाया, लोहाराची विधवा. तिचं घर सासऱ्याने विकत घेतलेलं; तेवढा तुकडा इस्टेटीचा नव्हता.

कारभारी सायलस तिच्याच गल्लीत वाढलेला. तो टोपी काढून दारात उभा राहिला.

"काकू, नवं घर बघा तरी एकदा."

"माझा नवरा इथे चर्चमागे पुरलाय."

"चर्च राहणार आहे हो. त्याला साहेब हात लावत नाहीत."

"म्हणजे देवाला ठेवताय आणि मला हाकलताय? त्याचा वशिला मोठा दिसतोय!"

सायलसने हसू गिळलं. "बांध घातला की पाणी दारात येईल, काकू."

"येऊ दे. पाय धुवायला बरं."

हिवाळ्यात बांधाचं लाकडी दार बंद झालं. ओढा तुंबला, गल्ली बुडाली आणि एका रविवारी पाणी केझायाच्या चुलीत शिरलं. राख तरंगताना पाहिली आणि तिचं डोकं सणकलं. कोंबड्या माळ्यावर टाकून तिने नवऱ्याचा घण उचलला. चर्च नुकतं सुटलं होतं. सगळ्यांच्या देखत ती कमरेएवढ्या पाण्यातून बांधावर चढली आणि दारावर घाव घालू लागली. हात भरून आले, तरी थांबली नाही. फळ्या फुटल्या, पाणी धो धो खाली गेलं.

सर अँब्रोज धावत आले. "माझं तळं आहे ते!"

"असेल ना. पण माझ्या घरात घुसलं होतं. बाहेर काढलं."

"धरा हिला!"

जमलेल्या माणसांपैकी एकही हलला नाही. साहेबांनी सायलसकडे पाहिलं. त्याने कोट काढला आणि थरथरणाऱ्या केझायाच्या खांद्यावर टाकला.

"भिजल्यात त्या, साहेब. घरी सोडून येतो."

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. पण बांध पुन्हा घातला तो बुटका, आणि तळं केझायाच्या कुंपणाशीच थांबलं. साहेबांनी मग तिचं घर झाकायला उंच झाडं लावली. हॉलवर पाहुण्यांच्या बग्ग्या आल्या, की केझाया चुलीत ओला पेंढा कोंबायची आणि दाट पांढरा धूर झाडांच्या शेंड्यांवर चढेपर्यंत अंगणात उभी राहून बघायची.