प्रभाकरची शांतता

प्रभाकरची आठवण येते ती आधी वासाने येते. सरकीचा तेलकट, कोंदट वास, त्यात तापलेल्या कॉम्प्युटरचा करपट वास, आणि मग त्या दोन्ही वासांतून सावकाश वर येणारं त्याच्या उजव्या हाताचं बोट. ते बोट तो ओठांवर ठेवत नसे; हवेत उभं धरी, आणि ते उभं असेपर्यंत खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. केसांत, भुवयांवर, शर्टाच्या कॉलरवर कापसाचे पांढरे तंतू बसलेले असत. मार्गशीर्षातली तिरपी उन्हं पत्र्याच्या फटींतून आत येऊन त्या तंतूंवर स्थिरावली, की तो माणूस घटकाभर तेजाळलेला, जवळजवळ पवित्र दिसे. तो मला तसा दिसला होता, याचाच मला आजही संताप येतो.

शब्दचित्रं म्हणे माणसं मायेने लिहितात. मी हे रागाने लिहिते आहे, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. तरी त्याला जे येत होतं ते येत होतं, एवढं मान्य करण्याइतकी मी प्रामाणिक आहे. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आणि कॉम्प्युटरवर गाणं भरून घेणारा आमच्या आदिलाबादेत मला ठाऊक असलेला तो एकटाच होता. हैदराबादेत दोन-तीन वर्षं काढून तो परतला आणि मामाच्या कापसाच्या गोदामात त्याने आपला स्टुडिओ थाटला. भिंतींना लावायला वेगळं काही आणायची त्याला गरजच नव्हती. दिवाळीनंतर गोदाम छतापर्यंत कापसाने भरलं, की आत आवाज घुमत नसे. शब्द उच्चारावा आणि तो तिथल्या तिथे निमूट बसावा, अशी ती जागा होई. होळीच्या सुमारास कापूस गेला की भिंती पुन्हा बोलू लागत आणि प्रभाकर कुलूप लावून टाकी. हंगामावर चालणारा असा स्टुडिओ मी दुसरा पाहिला नाही.

माइक तो गाणाऱ्याच्या तोंडासमोर कधी लावत नसे. वीतभर लांब, गालाच्या अंगाला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर माइकवर आदळायची नाही. मधे भरतकामाच्या रिंगवर जुन्या नायलॉन साडीचा तुकडा ताणून बसवलेला. पडद्यावरची हिरवी रेघ लाल व्हायच्या आत त्याचा हात पुढे जाई, कारण आवाज हळू भरला तर मागून वाढवता येतो, फुटला तर जगात कुणाला सांधता येत नाही, असं तो म्हणे. पखवाज ऐकू येत नसेल तर पखवाज वाढवू नका, बाकीचं उतरवा, हेही त्याचंच. सगळं जुळवून झालं की कॅसेट घेऊन तो समोरच्या पानठेल्यावर जाई, तिथल्या खरखरत्या टेपवर लावायला सांगे आणि स्वतः रस्त्यापलीकडे उभा राहून, मधून ट्रक जात असताना शब्द कळतात का ते ऐकत राही. किती देखणी होती ती एकाग्रता! आणि ती सगळी देखणी एकाग्रता माझ्या बापाच्या वाटणीला आली त्या दिवशी नेमकी आंधळी झाली.

अप्पा म्हणजे माझे वडील, आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या आमच्या गावात पहाटेचा काकडा म्हणत. कार्तिकात महिनाभर, उजाडायच्या आत देवळात जो पहिला सूर उठे तो त्यांचा. कापूस-ज्वारीची शेती, बोलणं मोजकं, आणि आवाज असा की थंडीत अंगावर घोंगडी पडावी. त्यांची एक रीत होती. गाण्याआधी ते ओठ मिटून आधारषड्ज धरत. जमलेली माणसं गप्प होईपर्यंत नव्हे, तर ती गप्प झाल्यानंतर; म्हणजे निःशब्दता झाली की तिच्या तळाशी जाऊन ते आपला ‘सा’ तपासून पाहत, नीट बसला की मगच तोंड उघडत. त्यांच्या बापाचीही तीच रीत होती. आमच्या देवळात गप्प बसणं याचा अर्थच मुळी सूर धरणं असा होता.

त्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. अप्पा परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत एवढंच बोलले, “आवाज गेला तं गेला. पन पुढच्या कार्तिकात काकडा कोन म्हनंन?”

ते मला सोसलं नाही. मी तेव्हा आदिलाबादेत शिकत होते, प्रभाकरचं नाव ऐकून होते. ऑपरेशनला आठ दिवस होते. मीच अप्पांना हट्टाने बसमध्ये बसवलं आणि त्या गोदामात नेलं.

भर दुपार होती. कापसाच्या पोत्यावर अप्पा मांडी घालून बसले, धोतर नीट आवरलं, टोपी काढून शेजारी ठेवली. त्यांच्या बाजूच्या पोत्यावर मी. प्रभाकर प्लायवुडच्या आडोशामागे, कानांवर हेडफोन, मधल्या काचेतून दिसणारा. माझ्या बांगड्या किणकिणल्या तर त्याने काचेतूनच डोळे वटारले. “ओ ताई, बांगड्या उतरवून ठेवा. नाहीतर बाहेर बसा.” मी बांगड्या काढून पदरात बांधल्या.

मग त्याने ते बोट वर केलं. “ओक्क निमिषम,” तो सवयीने तेलुगूत म्हणाला, एकच मिनिट. “आधी नुसती शांतता भरून घेतो. कोणी हलायचं नाही.” हे कशासाठी, ते त्याने नंतर मोठ्या तोऱ्यात समजावलं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. ते सगळं आधी कॉम्प्युटरला ऐकवायचं, आणि सांगायचं की हा कचरा आहे, हा सबंध गाण्यातून वेचून फेकून दे. युक्ती खरी होती, आणि चांगली होती.

फक्त गोदाम निःशब्द झालं, आणि अप्पांनी सूर धरला.

मी त्यांच्या शेजारी होते. त्यांचे मिटलेले ओठ, गळ्याच्या शिरेचा सूक्ष्म कंप, मांडीवर हलकेच टेकलेली बोटं, सगळं मला दिसत होतं. तो ‘सा’ इतका मंद होता की कापसाने तो जवळजवळ पिऊन टाकला. मला तो कानांपेक्षा पोत्यातूनच जास्त जाणवला. काचेपलीकडे प्रभाकरने कपाळाला आठी घातली, बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या दिशेने त्रासिक मान उडवली, आणि बोट तसंच उभं ठेवलं. मी काही बोलले नाही. आताच झापून घेतलं होतं. पुन्हा तोंड उघडलं तर बाहेर काढेल, अप्पांना एकटं बसावं लागेल, आणि शहरातून शिकून आलेल्या माणसाला कळत असेलच की, असं माझ्या मनाने मला पटवलं. मग बोट खाली आलं, अप्पांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. असे ते कधीच गायले नव्हते. गळ्यात गाठ घेऊन, घोट घोट दुखणं गिळत, काकड्याचे अभंग ओळीने म्हणत गेले, आणि प्रत्येक ओळ जिथून निघाली त्या षड्जावर अलगद आणून ठेवत गेले. शेवटी मला म्हणाले, “झालं वं माय. आता खुशाल कापू दे.”

कॅसेट मिळाली तेव्हा काका अप्पांना घेऊन नागपूरला गेले होते. मी गावी आले, आणि आई आणि मी ओसरीत टेप लावून बसलो. पहिली ओळ आली, स्वच्छ, पंख्याची घरघर नाही, काही नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. ओळ खाली उतरू लागली, उतरली, आणि ‘सा’वर येताच अप्पा नाहीसे झाले. तिथे नुसती पाण्यात काचा हलाव्यात तशी किणकिण उरली. दुसरी ओळ, पुन्हा तेच. प्रत्येक ओळ दारापर्यंत येत होती आणि आत येत नव्हती. वर कळस म्हणजे त्या रिकाम्या जागांत प्रभाकरने की-बोर्डवरची देवळाची घंटा भरली होती.

“काऊन वं, असं काऊन झालं?” आई विचारत राहिली. मी पहिली बस धरली.

तो हेडफोन मानेत अडकवून चहा पीत होता. मी कॅसेट त्याच्यासमोर ठेवली. त्याने ऐकली, चेहरा जरासाही हलला नाही. “खालचा सूर ना? म्हाताऱ्या माणसांचा जातोच तो, ताई. म्हणून तर घंटा टाकून सावरलं मी.”

सावरलं! मी त्याला म्हटलं, मूळचं काढा, न पुसलेलं, घरघरीसकट. ट्रान्सफॉर्मर राहू दे, पंखा राहू दे. तेव्हा तो पहिल्यांदा अडखळला. मूळचं उरलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी, बियाण्याच्या जाहिरातीचं काम अंगावर आलेलं, म्हणून त्याने साफ केलेलं ठेवलं होतं आणि मूळ पुसून टाकलं होतं.

“तुम्ही जी शांतता भरली ना, तो माझा बाप होता,” मी म्हणाले. “तो सूर धरून राह्यला होता. त्याले तुम्ही कचरा म्हणून फेकलं.”

त्याला कळलं. कळलेलं त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, कप हातात तसाच राहिला. तिथेच गप्प बसला असता तर कदाचित मी हे असं लिहिलं नसतं. पण तो गप्प बसला नाही. “तुम्ही तर शेजारीच होता, ताई,” तो म्हणाला. “दिसलं असेल ना तुम्हाला. सांगायचं होतं.”

अप्पांचं ऑपरेशन त्याच सकाळी झालं होतं.

पुढच्या कार्तिकात देवळात तीच कॅसेट वाजली, घंटांसकट; दुसरं होतं काय! गळ्याला पंचा गुंडाळून अप्पा खांबाला टेकून बसले. ओळ उतरत आली की त्यांचे ओठ मिटत, बोटं मांडीवर टेकत, गळ्याची शीर ताणली जाई, आणि काहीही येत नसे. दोन-चार ओळी असं झाल्यावर मागून कुणीतरी तो ‘सा’ धरला, मग दुसऱ्याने, मग बायकांच्या बाजूने आईने. ओळ अप्पांची आणि शेवट गावाचा, असा तो काकडा पार पडला. माणसं मोठ्या मनाची असतात. मी तोंडात पदर कोंबून बाहेर आले. त्याच वर्षी पेरणीच्या हंगामात त्या बियाण्याच्या जाहिरातीची जीप गावातून फिरली. काय खणखणीत आवाज होता, एक अक्षर बुडालेलं नव्हतं.

अप्पा आणखी दोन कार्तिक जगले. ते गेल्यावर एकदा मी आदिलाबादेत त्या गोदामावरून जात होते. दार उघडं होतं, आत पोरं शिकायला बसली होती, आणि प्रभाकर, केसांत तेच तंतू, त्यांना माइक कसा धरायचा ते दाखवत होता. भिंतीवर पुठ्ठा टांगलेला, त्यावर त्याच्या वळणदार अक्षरांत नियम. माइक वीतभर लांब. रेघ लाल नको. आणि सगळ्यांच्या वर, बाकीच्यांपेक्षा ठळक शाईत: ‘शांतता भरताना गाणाऱ्याला बाहेर पाठवणे. मूळ कधीही पुसू नये.’ माझ्या बापाचा अख्खा गळा जाऊन त्याला दोन ओळींचा नियम मिळाला होता, आणि त्या ओळींखाली अप्पांचं नाव नव्हतं. त्याने मला पाहिलं. बोट अर्धवट वर आलं, तिथेच थबकलं, आणि त्याने ते मुठीत मिटून घेतलं. नमस्कार करायचा होता की मला गप्प करायचं होतं, देव जाणे. मी पायरीवर थुंकले नाही, एवढेच माझे संस्कार.

मी त्याला क्षमा केलेली नाही, आणि वय वाढतंय तसा राग निवतो वगैरे जे म्हणतात ते माझ्या बाबतीत घडलेलं नाही. फक्त रागाला आता दोन तोंडं आहेत, आणि त्यांतलं एक माझ्याकडे वळलेलं आहे. कार्तिक लागला की पहाटे मी ती कॅसेट लावते. ओळ निघते, चढते, उतरत उतरत घराशी येते, आणि आवाज बुडतो. त्या पोकळीत मला सरकीचा वास येतो, तिरपं ऊन दिसतं, हवेत उभं बोट दिसतं. गेलेला काळ आपल्याला बाकी काही देत नाही, पण जिथे बोलायचं राहून गेलं ती जागा मात्र तशीच मोकळी ठेवतो. मग त्या जागेत, दर ओळीला, कुणी ऐकत नसताना, मी मोठ्याने म्हणते: थांबा दादा, ते अप्पा आहेत.