निगेटिव्ह नळ्यांचा खण

मित्रांनो, मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक जुना फ्रीझर आहे. वजा ऐंशी अंश हा माझा स्वभाव, त्यामुळे कुणी माझ्याशी फार लाडात येत नाही.

एकदा आमच्या तंत्रज्ञबाईंकडे त्यांची नणंद रडत आली. ती वरच्या मजल्यावर परिचारिका होती. रुग्णाला टोचलेली सुई तिच्या बोटात घुसली होती आणि त्या रुग्णाच्या रक्तात यकृत पोखरणारा विषाणू होता. दुसऱ्या आठवड्यात तिचं रक्त तपासलं, तर निगेटिव्ह. अशा निगेटिव्ह रक्ताच्या नळ्या फेकायची आमच्याकडे पद्धत. बाई मात्र त्या सगळ्या माझ्या तळच्या खणात ठेवत.

"सापडलं काही नाही, मग जपायचं कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"आपल्याला सापडलं नाही, सर. आत काही नाही असं कुठंय?"

दोन महिन्यांनी तपासणी पॉझिटिव्ह आली. पुढे औषधाचा थेंबही न घेता तिच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला! पण परिचारिकेचा जीव थाऱ्यावर येईना. "नशिबानं गेला, वहिनी. परत आला तर?" म्हणत ती घरात स्वतःचं ताटसुद्धा वेगळं ठेवी.

सात वर्षांनी एका दुपारी माझा कॉम्प्रेसर बसला. शेजारच्या फ्रीझरमध्ये जागा थोडी, म्हणून डॉक्टरांनी फक्त पॉझिटिव्ह नळ्या हलवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला घाम फुटला. तेवढ्यात बाई कोरड्या बर्फाची पेटी घेऊन धावत आल्या आणि तळचा खण त्यांनी तिच्यात रिकामा केला.

मग डॉक्टरांनाही कुतूहल वाटलं. त्यांनी नव्या यंत्रावर त्या नळ्या तपासल्या आणि खुर्चीत बसूनच राहिले. आमची चाचणी 'काही नाही' म्हणत होती, तेव्हा परिचारिकेच्या पेशींनी एकमेकींना धोक्याची वर्दी देऊन लढाई सुरूही केली होती. त्याच खणात इतरांच्याही नळ्या होत्या; ज्यांचा आजार पुढे रेंगाळला, त्यांच्या नळ्यांत ही वर्दी फारच क्षीण होती. मी तर थक्क झालो! एवढं मोठं युद्ध सात वर्षं माझ्या पोटात होतं आणि मला पत्ताच नव्हता.

बाईंनी नणंदेला बोलावून हे सांगितलं. "दुसऱ्याच आठवड्यात?" परिचारिकेने पुन्हा पुन्हा विचारलं. "तेव्हा तर मी नुसती रडत होते." मग डोळे पुसून म्हणाली, "वहिनी, आज माझं ताट वेगळं नको हं."

मित्रांनो, आता मी भंगारात निघालोय, त्याचं वाईट वाटत नाही. एवढंच सांगतो, आपल्या शरीराला वेळेवर झोप द्या, पोटभर अन्न द्या, उठसूट त्याला बोल लावू नका. तुम्ही घाबरून रडत असता, तेव्हाही ते तुमच्यासाठी लढत असतं.