वहिनी मागे बसली

वहिनी पडली ती घाटात नाही, वाळूत नाही, ट्रकच्या धक्क्यानेही नाही. मुक्कामाच्या घराच्या अंगणात उभी असलेली मोटरसायकल पुसता पुसता साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सटकला आणि ती उजव्या हातावर आदळली. दोन देश मागे टाकून आलेली बाई फरशीवर आडवी झाली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं :

"वन्सं, गाडीला धक्का नाही ना लागला?"

सिस्टर हातातला चहा कठड्यावर ठेवून खाली आली. सिस्टर म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. उभी हयात ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून गेली, त्यामुळे गल्लीत, नात्यात सगळे तिला सिस्टरच म्हणत, सख्खा भाऊसुद्धा. एकटी वहिनी तेवढी लग्न होऊन आल्यापासून तिला 'वन्सं' म्हणत आली, आणि तीही अहो-जाहो करून. सिस्टर वयाने लहान असली तरी.

सिस्टरने मनगट हातात घेतलं. ते काटा-चमच्यातल्या काट्यासारखं वाकलं होतं.

"मोडलंय."

"मुरगळलं असेल. तेल चोळलं की—"

"वहिनी, तू पंप दुरुस्त करतेस तेव्हा मी कधी मध्ये बोलते का?"

वहिनीचा पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचा कारखाना होता. तो तिच्या वडिलांचा, आणि मोटरसायकलही त्यांचीच. लग्नानंतर माहेराहून लोक भांडीकुंडी आणतात, वहिनीने ही गाडी आणली, आणि ती स्वतः चालवत आणली. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या सिस्टरला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे त्याच गाडीवर मागे बसून तिने परीक्षा गाठल्या, रात्रपाळ्या गाठल्या. दोघी निवृत्त झाल्यावर वहिनीने नकाशा पसरून सीमेपलीकडच्या समुद्रापर्यंत बोट नेलं आणि विचारलं, "येता का?" सिस्टरने फक्त पाऊस किती असतो तिकडे, एवढं विचारलं. भावाला पाठीच्या दुखण्याने डबल सीट बसवत नव्हतं, आणि बसवत असतं तरी तो आला नसता.

दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर झालं. सिस्टरने डॉक्टरला हाड बसवताना दोनदा टोकलं आणि तिसऱ्यांदा त्याने स्वतःच तिला विचारलं. तिथून बाहेर पडल्यावर दोघी भिंतीच्या सावलीत बसल्या, आणि वहिनी जे पडल्यापासून नणंदेशी बोलली नव्हती ते बोलली.

"गाडीचा परवाना आज संपतो."

सिस्टरला ते ठाऊक होतं. या देशात शिरताना शिक्का मारणाऱ्या माणसाने बोट उगारून सांगितलं होतं, परवाना संपायच्या आत गाडी बाहेर गेली नाही तर ती सरकारजमा. पुढची सीमा घाटाच्या पलीकडे होती आणि तिथलं फाटक सूर्य मावळताना बंद होई. आज दुपारी आरामात पोचायचा बेत होता.

"ट्रकमध्ये घालून नेऊ," सिस्टर म्हणाली.

"ट्रकमध्ये घातली की तो माल. मालाची कागदपत्रं वेगळी, आठवडा लागेल. घरमालकाला विचारलं मी." घरमालक त्यांना दवाखान्यात घेऊन आला होता आणि आता आपल्या गाडीत पेंगत होता. "स्वतःच्या चाकांवर जायला हवी, आणि आणणारी सोबत हवी."

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडा ती गाडी तिथेच. विमानाने परत या. जुनं लोखंड ते."

वहिनीने फोन नणंदेकडे दिला. सिस्टर म्हणाली, "दादा, फोन ठेव. आम्हाला उशीर होतोय."

"कशाला उशीर?"

"गाडी मी चालवणार आहे," असं म्हणून तिने फोन बंद केला. हे तिला स्वतःलाही ते वाक्य बोलतानाच कळलं होतं. पण बोलून झाल्यावर तिला त्यात काही चुकीचं दिसेना.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला येते?"

"लायसन्स आहे."

ते खरं होतं. त्याची परीक्षा तिने तरुणपणी याच गाडीवर दिली होती. मैदानात आठचा आकडा काढला, पाय खाली टेकला नाही आणि पास झाली. त्यानंतर मात्र आयुष्यभर बिनगिअरची स्कूटर. गिअर या प्रकाराशी तिचा संबंध एका आठपुरता.

घरामागे मोकळं पटांगण होतं, तिथे शिकवणी सुरू झाली. या जुन्या गाडीचं सगळंच उलटं : गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. वहिनी गळ्यात हात अडकवून मधोमध उभी राहिली आणि सिस्टर तिच्याभोवती फिरू लागली. पहिल्यांदा गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सिस्टर कुंपणाच्या दिशेने निघाली आणि ब्रेक समजून तिने गिअर दाबला.

"क्लच दाब!" वहिनी ओरडली. "क्लच! आता सोड. हळू. अगं हळू, बावळट."

गाडी कुंपणाच्या अलीकडे थांबली. इतक्या वर्षांत वहिनीच्या तोंडून नणंदेला कधी 'अगं' गेलं नव्हतं.

"काय म्हणालीस?" सिस्टरने मान वळवून विचारलं.

"हळू म्हणाले."

"त्याच्यापुढचं."

"तेही मीच म्हणाले," वहिनी म्हणाली. "आता वळव ती गाडी. ऊन उतरायला लागलंय."

सिस्टरला हसू आलं, पण ते तिने हेल्मेटच्या आत ठेवलं. थिएटरात तिने कितीतरी शिकाऊ पोरींना असंच फैलावर घेतलं होतं, आणि त्या पोरींचे हात ओरडा खाल्ल्यावरच स्थिर झाले होते. तिचेही झाले. डाव्या हाताचा पंजा नुसता आवळायचा-सोडायचा नसतो, रुग्णाच्या दंडावरची पट्टी सैल करावी तसा तो क्लच सोडायचा असतो, हे तिला उमगलं, तिने ते वहिनीला ओरडून सांगितलंही, आणि पुढची फेरी सुतासारखी सरळ गेली. वहिनीने आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या, सामान बांधून घेतलं, आणि मागे चढून बसली.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. वहिनी जन्मात कुणाच्या मागे बसली नव्हती. डावं वळण आलं की ती उजवीकडे झुके, गाडी उताराला लागली की पायाने हवेत ब्रेक दाबी, आणि समोरून ट्रक दिसला की सिस्टरचं जॅकेट एका हाताने असं खेची की मानेला फास बसावा. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी रस्त्याच्या पार पलीकडे गेली. सिस्टरने ती कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून मागे वळली.

"वहिनी, मागे कसं बसायचं ते मला विचार. ते मला येतं."

"मी बसलेय की."

"तू चालवतेयस. माझ्या पाठीतून चालवतेयस. मागच्याने सामानासारखं बसायचं असतं. गाडी झुकली की झुकायचं, पुढच्याच्या खांद्यावरून एकाच बाजूने बघायचं आणि मत द्यायचं नाही."

"तू तर सारखी मतं देत होतीस."

"हॉटेलं आणि जेवण याबद्दल. रस्त्याबद्दल एक शब्द काढला होता कधी?"

वहिनीने आठवून पाहिलं. नव्हता काढला. "बरं," ती म्हणाली आणि डावा हात नणंदेच्या कमरेभोवती घातला. पुढच्या वळणाला ती झुकली. जरा उशिराच, पण बरोबर बाजूला.

घाटमाथ्यावर वारा होता. ट्रकांची रांग मुंगीच्या पावलाने चढत होती. सिस्टर एकदा चढावर बंद पडली. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, तेव्हा तिने अजिबात घाई न करता न्यूट्रल शोधला, किक मारली, आणि निघताना ट्रकवाल्याला हात केला. त्यानेही हात केला. थिएटरात सर्जन खेकसले तरी ती सुई हवी तीच देई. भोंगा त्यापेक्षा काही मोठा नव्हता.

सीमेवर पोचल्या तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. फाटकाशी चष्मा लावलेला अधिकारी खुर्ची आत उचलून नेण्याच्या बेतात होता. त्याने परवाना पाहिला, मग प्लास्टर पाहिलं.

"गाडी कोणाची?"

"माझी," वहिनी म्हणाली.

"आणली कोणी?"

"मी."

"आणि चालवतंय कोण?"

"ही. माझी नणंद."

अधिकाऱ्याने लायसन्स मागितलं. नूतनीकरण वेळेवर होत आलं होतं, पण फोटो पहिलाच राहिला होता : दोन वेण्यांची एक रागीट मुलगी. त्याने फोटोकडे आणि सिस्टरकडे आळीपाळीने बघितलं. "यानंतर कधी चालवलीत ही?"

"आज," सिस्टरने खरं ते सांगितलं.

तो खुर्चीवर परत बसला. "बाई, या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत नुसता उतार आहे, वळणांचा. मधला पट्टा कोणाचाच नाही. तिथे काही झालं तर मी माणूस पाठवू शकत नाही, त्यांनाही पाठवता येत नाही. आणि बाहेर पडल्याचा शिक्का मारला की मागे घेता येत नाही. बंद पडली तर काय कराल?"

"चालू करू."

"नाही झाली तर?"

"उतार आहे म्हणालात ना," सिस्टर म्हणाली.

मागे वहिनीने घसा साफ केला. अधिकारी वहिनीकडे वळला. "मालकीणबाई, तुमचा भरवसा आहे?"

वहिनी सरळ सामानासारखी बसून होती. "माझा हात चांगला असता तर मी स्वतः चालवली असती," ती म्हणाली. "तो नाही, तर दुसऱ्या कोणाच्या मागे मी बसले नसते."

अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि फाटकाची आडवी काठी वर केली.

मधला रस्ता निर्मनुष्य होता. दोन्ही बाजूंना काटेरी तारा, मध्ये वाकडं पिवळं गवत. दुसरं वळण घेतल्यावर इंजिन खोकलं, एकदा गचके दिले आणि बंद पडलं. मागचं फाटक बंद होत असल्याचा आवाज वर कुठेतरी आला. पण गाडी पळत होती, आणि पळत्या गाडीवर हँडल सोडून विचार करायची सोय नसते. तिने क्लच दाबून धरला, डावा पाय ब्रेकवर हलका ठेवला आणि गाडीला उतरू दिलं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वारा ऐकू येऊ लागला, चाकांखालची खडी ऐकू येऊ लागली. वळण आलं. दोघी झुकल्या. या वेळी अगदी एकदम, जणू एकच बाई झुकली.

"पेट्रोल," वहिनी कानाशी म्हणाली. "टाकी तळाला गेलीय. कॉक रिझर्व्हवर करायचा राहिला. थांब, तू हँडल सोडू नकोस." तिने प्लास्टरचा हात नणंदेच्या पाठीवर टेकवला, डावा हात पुढे नेऊन टाकीखाली चाचपडला आणि कॉक फिरवला. "आता दुसरा गिअर. क्लच सोड. तुझ्या त्या पट्टीसारखा."

सिस्टरने सोडला. इंजिनाने एक आवंढा गिळला आणि ते सुरू झालं.

समोरच्या फाटकावरचा शिपाई काठी खाली आणत होता. दोन म्हाताऱ्या बायका टेकडीवरून उतरत येताना पाहून त्याचा हात तसाच थांबला. आतल्या बाईने शिक्के मारले, पुढच्या गावातल्या मुक्कामाचा पत्ता सांगितला, आणि प्लास्टरकडे बोट करून विचारलं, "अपघात?"

"गाडी पुसत होते," वहिनी म्हणाली.

तिथून पुढे समुद्रापर्यंत सिस्टरनेच गाडी नेली. सपाट प्रदेश होता, बागा होत्या, रस्ते रुंद होते. ती रोज थोडी सैल बसू लागली, थोडी वेगात जाऊ लागली. वहिनी मागे बसून हॉटेलांबद्दल मतं देऊ लागली आणि ती सगळी चुकीची निघत. 'अहो' काही परत आलं नाही. दोघींपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही. भावाचा फोन आला की वहिनी सांगायची, "वन्सं चालवतेय, नंतर कर."

बंदराच्या गावी प्लास्टर निघालं. वहिनीने मूठ मिटून दाखवली आणि म्हणाली, अजून जोर नाही, आणखी थोडे दिवस तूच घे. संध्याकाळी खोलीत तिने आपली जीन्स धुतली आणि दोन्ही हातांनी पिळून दोरीवर टाकली. टाकताना पाण्याचा एक थेंब गळला नाही. सिस्टर खिडकीत बसून हे सगळं बघत होती. मनगट ठणठणीत होतं, ते कोणत्याही शिकाऊ पोरीने सांगितलं असतं. सकाळी गाडीला किक तिनेच मारली.

असे बरेच दिवस गेले. परतीच्या वाटेवर किनारा सोडून रस्ता पुन्हा डोंगरांकडे वळला तिथे चहाला थांबल्या असताना सिस्टर म्हणाली, "माझी कंबर भरून आलीय. घाट तू घे."

"खरंच भरलीय?"

"वहिनी, तू पंप दुरुस्त करतेस—"

"कळलं," वहिनी म्हणाली. तिने हेल्मेट चढवलं, चष्मा पुसला, आणि पुढे जाऊन बसली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. सिस्टर मागे चढली, आपल्या जुन्या जागेवर, आणि तिला ती जागा आता जरा वेगळी वाटली. समोर वहिनीच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता आणि प्रत्येक वळणाला कुठला गिअर लागेल ते तिला आधीच कळत होतं. पहिलं वळण वहिनीने तिसऱ्यात घेतलं.

"दुसऱ्यात घे," सिस्टर म्हणाली.

"मागच्याने मत द्यायचं नसतं."

"मी सामान नाही," सिस्टर म्हणाली. वहिनीने गिअर खाली घेतला, आणि गाडी डोंगर चढू लागली.