स्टाफच्या संडासाची किल्ली

अंबुबाईचा राग तोंडावर कधी दिसायचा नाही, बादलीवर दिसायचा. बादली हळू टेकली की समजायचं, आज बाई खुशीत आहे. त्या दिवशी मात्र तिनं बादली अशी आदळली की फिनेलचं पाणी थेट ऑफिसच्या उंबऱ्यात गेलं आणि क्लार्क महेश्वरनं खुर्चीतल्या खुर्चीत पाय वर घेतले.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. पूजा चाललीया माजी," अंबुबाई म्हणाली आणि खराटा घेऊन निघून गेली.

महेश्वरला काही कळलं नाही. त्याला कळायचं कारणही नव्हतं, कारण व्हरांड्यातला तक्ता त्यानं वाचलाच नव्हता.

अक्कलकोट रोडच्या अंगाला मिशनची मराठी प्राथमिक शाळा आहे, पहिली ते चौथी. यंत्रमागावर जाणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, भाजीवाल्यांची पोरं तिथं शिकतात. अंबुबाई मंगळवेढ्याकडची, धनगराची. नवऱ्यानं, मायाप्पानं, मेंढरं विकून सोलापूर गाठलं आणि तीन वर्षांत तो वारलाही. तेव्हापासून ती या शाळेत आहे. सतरा वर्षं झाली. अकरा संडास, चार वर्ग, एक ऑफिस आणि लांबलचक व्हरांडा रोज तिच्या एकटीच्या हातून निघतो.

मुख्याध्यापिका सिस्टर बेनिग्ना माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोराला ताप आला तर स्वतःच्या स्कूटरवर घालून सिव्हिलला नेणारी बाई. गेल्या जूनमध्ये पुण्याला एका शिबिराला जाऊन आल्या त्या भारावूनच. चर्चची सामाजिक शिकवण पोरांनी नुसती पाठ करायची नाही, शाळेत जगून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. मग दर महिन्याला एक तक्ता लागायला लागला. कधी 'प्रत्येक माणूस देवाची प्रतिमा', कधी 'गरिबांचा विचार आधी'. एप्रिलच्या वाट्याला आला 'श्रमाचा मान'. एक मेला महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, पोरांचा निकाल, आणि त्याच दिवशी चर्चमध्ये श्रमिकांच्या संत योसेफाचा सण. सगळं एकत्रच साजरं करायचं, पुण्याहून फादर बोलवायचे. चांगलंच आहे की! कोण नाही म्हणतंय?

चौथीच्या विजयमाला बाईंनी पोरांना शाळेतल्या कामगारांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. अंबुबाई वाट्याला आली अरिबाच्या. अरिबा म्हणजे रिक्षावाल्या एजाजची पोरगी, जिच्या तोंडाला घटकाभर विसावा नाही. बाईंनी लिहून दिलेले प्रश्न तिनं दोन मिनिटांत संपवले. नाव काय, किती वर्षं, काम आवडतं का. मग पेन्सिल चावत म्हणाली, "मावशी, आता माझा प्रश्न. तुम्ही शूला कुठं जाता? आमच्या संडासात तर मोठ्यांना बंदी आहे, आणि बाईंच्या संडासाला कुलूप."

अंबुबाई आधी खळखळून हसली. "आगं बया! ह्ये कुटं लिवतेत व्हय?" पण पोरगी पेन्सिल सरसावून बसलेलीच. सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग अंबुबाईनं सांगितलं.

कामवाल्यांचा एक संडास मागच्या भिंतीला होता. चार वर्षांपूर्वी तो पडला. तिथं बाईंच्या स्कूटरला ऊन लागू नये म्हणून पत्र्याची शेड झाली. पोरांच्या संडासात मोठ्या माणसानं जायचं नाही हा नियम बरोबरच आहे. पोरांच्या जिवापुढं काही नाही, असं अंबुबाईही म्हणते. राहिला स्टाफचा. त्याची किल्ली महेश्वरच्या ड्रॉवरमध्ये. रोज सकाळी अंबुबाईनं ती घ्यायची, संडास घासून लख्ख करायचा आणि किल्ली परत द्यायची. तिनं एकदा सिस्टरना विचारलंही होतं. सिस्टरनी मीटिंगमध्ये विषय काढला, तर कुणीतरी म्हणालं, दिवसभर त्या घाणीत हात घालतात, आणि आपल्याच ठिकाणी येणार? सिस्टर म्हणाल्या, बघू, वाद नको. ते बघू अजून चाललंय. घाण कुणाची हो? तिच्या घरून आणते की काय ती?

तेव्हा अंबुबाईला उरला रस्त्यापलीकडच्या वस्तीतला सार्वजनिक संडास. जायला दहा मिनिटं, यायला दहा. शाळेच्या वेळात गेट सोडायचं नाही. म्हणून ती पहाटे चहा टाळते आणि दुपारी एकपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात, बरं का, जिथं कावळासुद्धा आ वासून बसतो. दोनदा लघवीतून रक्त गेलं. सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई तिच्यावर खेकसल्या, "एका किडनीला सूज आलीय. पाणी प्यायचं आणि तुंबवून ठेवायचं नाही. नाहीतर पुढच्या वर्षी डायलिसिसला येशील."

अरिबानं सगळं लिहून घेतलं. डायलिसिस कसं लिहायचं ते तेवढं विचारलं, तर ते अंबुबाईला कुठलं येतंय.

आठवड्यानं तक्ता लागला. अंबुबाईचा फोटो, भोवती झेंडूची चित्रं. खाली अरिबाचं वळणदार अक्षर आणि मध्येच एक पांढरी पट्टी डकवलेली. पट्टीवर निळ्या स्केचपेननं कुणा मोठ्या माणसाच्या हातचं काहीतरी होतं. अंबुबाईला वाचता येतं ते एसटीच्या पाट्यांपुरतं. तिनं अरिबाला धरून वाचायला लावलं.

"काम हीच माझी पूजा आणि शाळा हेच माझं मंदिर," अरिबानं वाचलं. मान खाली घालून म्हणाली, "मी नाही लिहिलं, मावशी. बाईंनी चिकटवलं. म्हणाल्या, असलं तक्त्यावर बरं दिसत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात नसलेलं वाक्य तोंडात कोंबलं, आणि वर झेंडूची फुलं! त्याच पावली तिनं ऑफिसपाशी येऊन बादली आदळली होती. तिथून ती चौथीच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, ते पोरीचं लिवल्यालं का झाकलं?"

विजयमाला बाई वह्या तपासत होत्या. "अहो मावशी, पाहुणे येणार. असं काही लिहितात का?"

"मग मानसाला असं काय ठिवतेत का?"

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. "हे बघा, माझ्याशी भांडू नका. सिस्टरना सांगा."

सिस्टरना सांगायची वेळच आली नाही. सिस्टरनीच तिला बोलावलं, हसत. "अंबुबाई, एक मेला तुमचा सत्कार करायचा ठरलाय. स्टेजवर. फादरांच्या हस्ते चादर आणि नारळ. चांगली साडी नेसून या."

"आन किल्ली?"

"कसली किल्ली?"

"सिस्टर, तुमास्नी म्हायती हाय कसली."

सिस्टरचं हसू जरा ओसरलं. समोरचे कागद त्यांनी उगाच सारखे केले. "सुट्टी लागू दे. जूनमध्ये नक्की बघू या. आता कार्यक्रम तोंडावर आहे, स्टाफला नाराज करून कसं चालेल?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, चादर! जून येईपर्यंत किडनी थांबणार होती का, हे अंबुबाईला त्या चांगल्या बाईला विचारायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

एक मेला ती पहाटे सहाला आली. डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं म्हणून घरून दोन तांबे पाणी पिऊन आली होती. पाहुण्यांसाठी स्टाफचा संडास तिनं घासला, नवा साबण ठेवला, नवा नॅपकिन अडकवला आणि किल्ली महेश्वरकडं दिली. झेंडावंदन झालं. राज्यगीत झालं. आठ वाजता पोटात कळ यायला लागली. पोरं मांडवात बसेतो ती कुणाला न विचारता गेटबाहेर पडली आणि जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून गेली.

सार्वजनिक संडासाला टाळं होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, "आज बंद की मावशी. कामगार दिनाची सुट्टी हाय त्याला."

अंबुबाई तशीच उलटी फिरली. एकेक पाऊल जपून टाकत, दात आवळून. ओटीपोटात सुऱ्या चालत होत्या. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि त्या घामाबरोबर चार वर्षांचा राग वर येत होता. शाळेत पोचली तेव्हा मांडवात फादरांचं भाषण चाललं होतं. योसेफ सुतार होता, त्याच्या हातांना देवानं आपला मुलगा सोपवला, कामगाराचे हात पवित्र असतात, असं काहीसं.

ऑफिसात महेश्वर हाराच्या पिशव्या सोडत होता.

"किल्ली द्या."

"आता कशाला? घासून झालाय न्हवं?"

"मला जायचंय."

महेश्वर गडबडला. "आगं, पाव्हण्यांसाटी राकून ठिवलाय त्यो. कार्यक्रम हूं दे. आन तुजा तर सत्कार हाय, जा की फुडं बस!"

अंबुबाईनं त्याच्याकडं एकदाच बघितलं. पुढं होऊन ड्रॉवर ओढला, किल्ली उचलली आणि चालायला लागली. "आवं, आवं," करत तो दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

तिनं आतून कडी घातली. आणि मग, सतरा वर्षं जे घासलं त्यावर ती बसली. डोळ्यांतून पाणी आलं. आग होत होती म्हणून आलं, आणि नुसतं त्यामुळंच नव्हे.

बाहेर माईकवर विजयमाला बाईंचा आवाज आला. "श्रीमती अंबुबाई मायाप्पा गडदे यांनी कृपया मंचावर यावं." टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "अंबुबाई गडदे." तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मांडवातून अरिबाचा खणखणीत आवाज उठला, "बाई, मावशी बाईंच्या संडासात गेल्यात!" पोरं खो खो हसली.

चपलांचा आवाज झाला. दारावर बोटं वाजली.

"अंबुबाई," सिस्टर बेनिग्ना हळू म्हणाल्या, "सगळे वाट बघतायत."

"बगू द्या. मी चार वर्सं बगितली."

मग चपला परत गेल्या. अंबुबाईनं सावकाश हात धुतले, नव्या साबणानं. नव्या नॅपकिनला पुसले. दार उघडत होती तोच माईकवर सिस्टर म्हणाल्या, "अंबुबाईंची तब्येत अचानक बिघडलीय. त्यांचा सत्कार आपण नंतर करू. आता निकाल..."

हे मात्र अती झालं. तक्त्यावर पट्टी लावली ती लावली, आता जिवंत माणसावरही लावायला निघाले! अंबुबाई व्हरांडा उतरली, पोरांच्या मधून वाट काढत स्टेजवर चढली आणि माईकपाशी जाऊन उभी राहिली. सिस्टर आपोआप बाजूला सरकल्या.

"माजी तब्येत न्हाय बिगाडली," ती म्हणाली. माईक कुंई करून ओरडला, ती थांबली नाही. "मी मुतायला गेलते. चार वर्सांत ह्या शाळंत पैल्यांदा. हितले अकरा संडास मी धुते आन मला एक बी न्हाय. पानी पीत न्हाय म्हनून किडनी सुजलीया. त्या पोरीनं ते खरं लिवलं हुतं, ते झाकून टाकलं. मला चादर नगं. किल्ली घेतलीया मी, ती आता माज्यापाशी ऱ्हाईल. ज्यास्नी लागंल त्यांनी मागा. मी कुनाला न्हाय म्हननार न्हाय."

एजाज मागं रिक्षावाल्यांत उभा होता, तो सोडून कुणी टाळी वाजवली नाही. फादरांच्या मांडीवर घडी घातलेली चादर तशीच होती. त्यांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या माईकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मघाशी मी खोटं बोलले. मला सगळं माहीत होतं."

अंबुबाईचा राग त्यानं निवला नाही, उलट भडकला. एवढं एक वाक्य बोलायला चार वर्षं आणि एक किडनी लागावी? ती खाली उतरली आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. किल्ली कनवटीला खोचली. अरिबा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो तिनं सगळ्यांदेखत घटाघटा संपवला.

निकाल वाटून झाले. पेढे झाले. ऊन तापलं. साडेदहाच्या सुमाराला विजयमाला बाई पायरीपाशी आल्या. पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं. मांडवातली निम्मी पोरं आणि त्यांच्या आया बघत होत्या.

"मावशी," बाई अगदी हळू म्हणाल्या, "जरा किल्ली देता का?"

अंबुबाईनं त्यांना उभंच ठेवलं. फार नाही, एखादा श्वास. मग कनवटीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या. आन झालं की मलाच आनून द्या."

पाच मिनिटांनी विजयमाला बाईंनी ती आणून दिली.