रिमोटच्या पोटातली चावी

"काका, आतली चावी कुठंय?"

उकंडाने रिमोट हातात घेऊन अजून पुरता पालथाही केला नव्हता, तोच काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकून उभ्या असलेल्या पोराने हा प्रश्न टाकला. पोरगा म्हणजे बोरी अरब गावच्या बापूजींचा नयन. तिशीतला, पुण्यात कंपनीत नोकरीला. त्याचे वडील, बापूजी, चार पावलं मागे पानठेल्याच्या सावलीत उभे होते. बापलेक एकाच गाडीतून उतरले होते. पण उतरल्यापासून दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. पांढरी गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. नयनने ती आपल्याजवळच्या दुसऱ्या रिमोटवर आणली होती.

"सेल टाकाचा आहे न?" उकंडाने विचारलं.

"सेल तर टाकाच. गाडी विकायचीय, घेणाऱ्याला दोन्ही रिमोट चालू पाहिजेत. पण ह्याच्या आत लोखंडी चावी असते, ती नाहीये. दोन महिने झाले बाबांना विचारतोय, कुठं टाकली. म्हणतात, मले माहीत नाई. गाडी यांच्याकडं, रिमोट यांच्याकडं, अन् माहीत नाही!"

बापूजींनी मान वर केली नाही.

आता उकंडाविषयी थोडं सांगायला हवं. दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ कपाटाएवढं दुकान, त्यात हा गडी चाळीस वर्षं बसलेला. एक पाय लहानपणापासून अधू. नांगरामागे चालायच्या कामाचा नाही म्हणून बापाने तांड्यावरून आणून एका घड्याळजीच्या हाताखाली बसवला, तो तिथेच राहिला. पुढे मोबाइल आले आणि घड्याळं गेली. उकंडा मात्र कुठं जाणार? टीव्हीच्या रिमोटचे, वजनकाट्याचे, गाड्यांच्या चाव्यांचे सेल बदलत त्याने बूड टिकवून ठेवलं होतं. दोन गोष्टींसाठी तो गावात प्रसिद्ध होता. एक, त्याची बडबड. पन्नास रुपयांचा सेल टाकताना तो तुम्हाला अर्धा तास शहाणं करणार: सेल कडेने धराचा, बोट टेकवाचं नाई, बोटाचं तेल लागलं का सेल लवकर मरते. आणि दुसरी म्हणजे त्याच्याकडे आलेली वस्तू हरवत नसे. तिळाएवढा स्क्रू खाली पडला तर लोहचुंबक घेऊन हा अख्खी फरशी विंचरणार, गिऱ्हाइकाची बस गेली तरी बेहत्तर. "उकंडापाशी हरवलं" असं वाक्य दारव्ह्यात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. माणसापाशी दुसरं काही नसलं की असल्या गोष्टीचाच त्याला केवढा अभिमान असतो!

त्याने डोळ्याला भिंग लावलं. रिमोटच्या खालच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो दाबला की आतली लोखंडी चावी सरकून बाहेर येते. सेल मेला तरी त्या चावीने दार उघडतं, आणि मग रिमोट बटणाला टेकवला की गाडी चालूही होते. उकंडाने खटका दाबला. खाच रिकामी होती.

रिकामी तरी कशी म्हणावी? खाचेच्या तोंडाशी कुंकू लागलेलं होतं, आणि आत खोल तांदळाचा एक दाणा अडकलेला. हळदीत कालवलेली अक्षत.

उकंडाने भिंग डोळ्यावरून काढून पुन्हा लावलं.

त्याला मैनाबाई आठवली. बापूजींची बायको, नयनची आई. गणपतीच्या दिवसांत बाजाराला आली होती. खांद्याला पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती आणि हातरुमालात हा रिमोट गुंडाळलेला. म्हणाली, "भाऊ, पोरगा फोनवर कटकट करून राह्यला. गाडीच्या पडद्यावर सेल कमी आला म्हणून दाखोते म्हणे. याहिले सांगतलं त हे म्हणतेत, पाहू पुढच्या बाजाराले. मीच घेऊन आली."

नेमका त्या दिवशी उकंडाकडचा त्या नंबरचा सेल संपला होता. यवतमाळहून माल यायचा होता. "वहिनी, पुढच्या बाजाराले या," असं तो म्हणाला, आणि बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्याने ती आतली चावी काढून दाखवली. सेल मेलाच मध्ये, तर हिने दार उघडा, मग रिमोट बटणाला टेकवा. दोनदा तिच्याच हाताने काढायला लावली. मैनाबाई तोंडाला पदर लावून हसली होती.

"अव माय! प्लास्टिकच्या पोटात लोखंड! बरं झालं दाखोलं भाऊ. घरात पह्यलीच गाडी. दसऱ्याले हे प्लास्टिक देवापुढं कसं ठेवाव, याच इचारात होती मी. विळा, कोयता, वखराची पास, सारं लोखंड पुजतो आपण."

"मंग पुजा न, ही पुजा!" उकंडाही हसला होता. त्यानेच म्हटलं होतं, पुजा.

पुढच्या बाजारांना ती आलीच नाही; चावी मात्र तिने पुजली. आणि देव्हाऱ्यातलं लोखंड लगेच कोण उचलतं? राहिली असणार ती तिथेच, विळ्याकोयत्याशेजारी.

"दिसलं काही?" नयनने विचारलं.

"पाहून राह्यलो," उकंडा म्हणाला.

नयन बोलतच होता. कितीदा तरी मनात घोळवलेलं असावं, इतकं ते सरळ येत होतं. दिवाळीनंतरची गोष्ट. भरदुपार, कापूस वेचायचे दिवस, अख्खं गाव वावरात. आईच्या छातीत कळ आली. बाबा तिला ओट्यावर बसवून गाडीकडे धावले. बटण दाबलं, दाबलं, दाबलं. गाडी हूं की चूं करेना. काच फोडायचंही त्या घाईत सुचलं नाही. पाऊण तासाने एक जीप मिळाली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर सांगता आलं असतं काही.

"अर्धा तास!" नयनची पुणेरी भाषा आता गळून पडली. "म्या गाडी काहून घेतली होती, सांगा तुम्ही. यायच्यासाठीच न? मायच्यासाठीच न? लोखंडी चावी जागेवर असती त वीस मिनटात दारव्ह्यात असते हे. सेल नाई टाकला, जाऊ द्या. पण ते चावी कुठी फेकली? कोन काढली? मले एवढं फक्त सांगा म्हणलं, त तोंडातून शब्द नाई. आज गाडी विकतो अन् जातो. पुन्हा या घराची पायरी नाई चढत मी. इथं माह्यं कोनी नाई राह्यलं."

पानठेल्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली. बापूजी दुपट्ट्याने तोंड पुसत होते. तोंडावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

उकंडाने खाली पाहिलं. सांगून टाकावं? बापूजीचा काही दोष नाही, पोरा, ही पाहा अक्षत. तुझ्याच मायने भक्तीने काढून देवापुढे ठेवली. एका वाक्याचं काम. पण मग त्या पोराने उद्यापासून मायच्या फोटोकडे कसं पाहायचं? जन्मभर तिचं कुंकू डोळ्यापुढे आलं की काय आठवायचं त्याने? आणि तिने तरी काय वाईट केलं होतं? घरातली पहिली गाडी, लेकाने घेतलेली. कोडकौतुकाने पुजली बिचारीने.

त्याने चिमटा घेतला, खाचेतला दाणा काढला, स्पिरिटच्या बोळ्याने कुंकू पुसलं. बोळा लाल झाला. तो त्याने मुठीत दाबला.

"ते चावी," तो म्हणाला, "माह्याच्यानं गेली."

"काय?"

"गणपतीत तुह्यी माय आलती इथी. सेल टाकाले. माह्यापाशी सेल नव्हता. म्या खोलून पाह्यला रिमोट, चावी काढून ठेवली इथी काचीवर, अन् परत टाकाची राह्यली. तशीच बंद करून देली तिले. मंग गवसलीच नाई मले. तुह्या बापाले काय माहीत असन त्यातलं?"

नयनने काउंटरवर अशी थाप मारली की काचेखालच्या घड्याळांचे पट्टे हलले.

"तुम्हाले समजते का तुम्ही काय केलं? माह्यी माय गेली! तुमच्या एका राहून गेल्यानं माह्यी माय गेली!"

"हो बापा."

"अन् दोन महिने तोंड शिवून बसले?"

"हो. चुकलं माह्यं."

आणखी बरंच बोलला तो. बोलू दे, उकंडा मनात म्हणत होता, सारं माझ्या डोक्यावर रिकामं कर आणि हलका हो. मात्र "लोकायच्या वस्तू हारवाले दुकान मांडून बसले का?" एवढं एक वाक्य त्याला फार लागलं. चाळीस वर्षं जपलेलं ते एवढंच तर होतं त्याच्यापाशी.

बोलून बोलून पोराचा श्वास संपला. तो मागे वळला. बाप पानठेल्याला टेकून उभा होता, दोन महिन्यांत किती वाळला होता ते बहुधा त्याने आजच पाहिलं. नयन त्याच्यापाशी गेला. मग त्याने बापाचा दंड धरला.

"चला बाबा. किती वेळ उभे राहाल?"

बापूजी निघाले, पण जाता जाता त्यांनी उकंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, सुटल्याचा आनंदही नव्हता. त्यांचा एक हात बंडीच्या खिशावर घट्ट होता. उकंडाला त्या नजरेचा अर्थ काही लागला नाही.

सेल त्याने टाकला होता. कडेने धरून, बोट न लावता. नयनने रस्त्यापलीकडून बटण दाबलं आणि गाडीचे दिवे लागले.

अशी बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या बाजारापासून बोरी अरबची माणसं उकंडाच्या दुकानासमोरून मान न वळवता जाऊ लागली. पलीकडच्या मोबाइलवाल्याने काचेच्या कपाटात सेलचं पाकीट टांगलं. उकंडाची बायको भुरीबाई डोक्याला हात लावून म्हणाली, "तुमच्यापाशी हारवली? तुमच्यापाशी? म्या चाळीस वर्षं संसार केला, मले नका शिकवू." त्याने तिलाही काही सांगितलं नाही.

तीन बाजार गेले. चौथ्याला दुपारी बापूजी एकटेच जीपमधून उतरले आणि सरळ दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसले. बसस्टँडवर त्यांच्या गावची दहाबारा माणसं होती. सगळ्यांच्या देखत बसले.

"नयन पुण्याले गेला," ते म्हणाले. "गाडी नाई विकली. रोज फोन करते आता. जेवले का बाबा म्हणून इचारते."

"चांगलं झालं बापूजी."

बापूजींनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक वस्तू काचेवर ठेवली. बोटाएवढी लोखंडी चावी. तिच्यावर कुंकू वाळून काळं पडलं होतं.

उकंडाने ती पाहताक्षणी ओळखली.

"तेरवीच्या दिवशी देव घासून उजळाले घेतले, तवा गवसली. देव्हाऱ्यात, विळ्याखाली." बापूजी हळूहळू बोलत होते. "तुमच्या इथून आली होती त्या दिवशी मले म्हणे, यात लोखंडाची चावी हाय, घड्याळवाल्या भाऊनं दाखोली. म्या हासलो. म्हटलं, तुले काय समजते गाडीतलं."

"पोराले काहून नाई सांगतलं मंग? फुकाचे बोल खाल्ले दोन महिने."

"तुम्ही काहून खाल्ले?"

उत्तर दोघांचं एकच होतं.

"घरात ठेववत नाई, फेकवत नाई," बापूजी म्हणाले. "तुमच्यापाशी राहू द्या."

उकंडाने चावी उचलली, कुंकू न पुसता कागदात गुंडाळली आणि आतल्या खणात ठेवली. त्याला वाटलं, आता बापूजी उठतील. पण ते बसूनच होते. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"एक गोठ कोनाले नाई सांगतली, उकंडाभाऊ."

"सांगा."

"बटन लागेना म्हणून मी ओट्यावर परत आलो. तिले बोलता येत नव्हतं, पण हात करून राह्यली होती. घरात, देव्हाऱ्याकडं. मले वाटलं, देवाचा अंगारा मागते. मी गेलो, अंगारा आनला, कपायाले लावला. तिनं मान हालवली, नाई नाई. पुन्हा हात केला. मी पुन्हा गेलो, पुन्हा लावला. तीनदा गेलो मी देव्हाऱ्यापाशी. विळा दिसत होता मले. तीनदा गेलो."

उकंडा अधू पाय ओढत काउंटरच्या बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसला. बोरी अरबच्या जीपवाल्याने दोनदा हाक मारली, मग त्याने बापूजींच्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी बसवून घेतलं.