सुया वर असताना

"तुम्ही खोटं दाखवताय, सर. आणि माझ्या बाबांना पुढे करून दाखवताय."

बोलता बोलता मोजणीताईने (प्रयोगशाळेतली मोजमापं तिच्याकडे, म्हणून हे नाव) स्क्रू फिरवला आणि चिपवर टेकलेल्या चारही सुया वर उचलल्या. आता चिपला कशाचाच स्पर्श नव्हता. तिने बाबांच्या आवाजाची फाइल लावली. पडद्यावर अक्षर उमटलं : आ. बरोब्बर. दुसरी लावली. ई. तेही बरोब्बर.

प्रयोगशाळेच्या संचालकांनी चष्मा काढून पुसला.

चिपवर केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढे चुंबकी खांब होते. वीज दिली की प्रत्येकातलं चुंबकत्व भोवऱ्यासारखं घुमायचं. आवाज मिळाला की त्यातले काही, मेंदूतल्या पेशींसारखे, एका तालावर यायचे. कोणते आले त्यावरून स्वर ओळखायचा. कल्पना सोन्यासारखी होती. पण कुठला स्वर लावलाय याची नोंद राहावी म्हणून संगणक सोबत एक खुणेचा सिग्नल सोडायचा, आणि तोच मोजणीच्या तारेत झिरपत होता. सात महिने चिप परीक्षा देत होती ती उत्तरं मांडीवर घेऊन. तारा ताईनेच जोडल्या होत्या.

"तार बदलू की," संचालक म्हणाले. "उद्याचं प्रात्यक्षिक तेवढं होऊन जाऊ दे. पाहुणे काचेपलीकडे बसतील, त्यांना आतलं ऐकू येत नाही. फाइल मी बाहेरून लावतो. बाबांनी नुसतं तोंड उघडायचं."

"नुसतं तोंड?"

"अहो ताई, दाताच्या डॉक्टरकडे नाही का उघडत?"

तिला हसू आलं नाही. रागही आला नाही. आत कुठे काही हललंच नाही. तिने यंत्रावर झाकण घातलं आणि ती घरी गेली.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांकडे तीनच स्वर उरले होते. आ म्हणजे हो, ई म्हणजे नाही, ऊ म्हणजे बाकीचं सगळं जग. रोज सकाळी आरशासमोर बसून ते हे तीन घोटायचे, यंत्राला नीट कळावं म्हणून. ताईने शेंगा सोलत सोलत सगळं सांगितलं, मोजमापं वाचून दाखवावीत तसं.

"म्हणजे एवढे दिवस त्या मेल्या डबड्याला यांचं काहीच कळत नव्हतं?" आईने विचारलं.

"नाही."

"मग कशाला नेतेस त्यांना? शोभा करायला?"

ताईने बाबांकडे पाहिलं. "जायचं का, बाबा? नको असेल तर तसं सांगा."

"आ," बाबा म्हणाले. लगेच.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीच्या शर्टात माइकसमोर बसले. ताई यंत्रापाशी उभी राहिली. काचेपलीकडून संचालकांनी हात वर केला.

बाबांनी ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत, दातांत घट्ट धरले, आणि कोपऱ्यातून लाळ गळू नये म्हणून वर रुमाल दाबला.

पडद्यावर अक्षर उमटलं : आ.

काचेपलीकडे सगळे हात टाळ्या वाजवू लागले, आवाजाशिवाय. माना पडद्याकडे. मग ई आलं. मग ऊ आलं. एक बाई तर उभ्या राहून वाजवत होत्या. बाबा रुमालाआडून त्यांच्याकडे बघत राहिले.

ताईने दार उघडलं. आवाज चढवला नाही.

"माझे बाबा पहिल्यापासून तोंड मिटून बसलेत. हे बघा, अजूनही. मग तुम्ही टाळ्या कुणाला वाजवल्यात?"

"ताई, आत्ता नको," संचालक पुटपुटले.

"आत्ताच. उत्तर द्या."