मागून न दिसलेली ट्रॉली

मित्रांनो, सौंसरहून बोरगावकडे येताना रस्त्याला लागून संत्र्याची एक बाग आहे. तिच्या काटेरी कुंपणाला टेकून दोन चाकांची एक जुनी लोखंडी ट्रॉली उभी असते. ती मी. माझ्या फळ्यांवर आता शेळ्या चढून बसतात. माझ्या पाठीवर सरकारी नंबर आहे, पांढऱ्या रंगात, नीट अक्षरात लिहिलेला. पण तो मिळाला तेव्हा मला ओढायला ट्रॅक्टर उरला नव्हता. असं का झालं, ते तुम्हांला सांगावं असं फार दिवसांपासून मनात आहे.

मी कारखान्यात जन्मले नाही. मला जयवंताने घडवलं. पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो बारा वर्षं फिटर होता. वडील गेल्यावर बाग सांभाळायला तो बोरगावला परतला आणि त्याने एक जुना ट्रॅक्टर आणला. तयार ट्रॉली विकत घेण्यापेक्षा आपल्या हातानेच बनवू, असं त्याने ठरवलं. ते १९८३ साल होतं.

माझा आख भंगारात निघालेल्या एका ट्रकचा. कमानपाटे दुसऱ्या ट्रकचे. सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे चॅनल आणि अँगल, पांढुर्ण्याच्या भंगारवाल्याकडून बैलगाडीने आले. अंगणातल्या निंबाखाली जयवंताने मला जोडलं. तो घाई करत नसे. आख कुठे बसवायचा, यावर त्याने दोन दिवस घालवले. चाकं फार पुढे घेतली तर मागचं ओझं ट्रॅक्टरची मागची बाजू उचलून धरतं, आणि फार मागे घेतली तर सगळा भार ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यावर येतो. त्याने विटा रचून, पुन्हा काढून, पुन्हा रचून ती जागा शोधली. वेल्डिंगचा प्रत्येक टाका घातल्यावर तो हातोडीने ठोकून आवाज ऐकत असे. त्याची बायको यमुना म्हणायची, "अजी, पोरीच्या पाळण्याले एवढं नाही पाहिलं तुमी."

"पाळणा रस्त्यानं नाही चालत," जयवंता म्हणायचा.

मला निळा रंग दिला, तेव्हा गाव पाहायला आलं. कवडू म्हणून एक जुना सुतार होता, त्याने माझ्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कंपनीचा माल झक मारते याच्यापुढं." मला फार अभिमान वाटला. आज वाटतं, त्या दिवशी कोणीतरी माझ्या मागे जाऊन उभं राहायला हवं होतं. सगळे मला पुढून आणि बाजूंनी पाहत होते.

माझ्या मागच्या बाजूला काहीच नव्हतं. दिवा नाही, लाल काच नाही, नंबर नाही. उलट दोन कोपऱ्यांना जयवंताने अँगलचे वीत-वीतभर तुकडे बाहेर काढून ठेवले होते. त्यांवर आडवी फळी टाकली की संत्र्याच्या पेट्यांची एक रांग जास्त बसत असे.

नंबर घ्यायला तो मला छिंदवाड्याला घेऊन गेला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगते. परिवहन कार्यालयाच्या अंगणात एक इन्स्पेक्टर साहेब माझ्याभोवती फिरले. ते हिंदीत बोलत होते आणि त्यांचा आवाज चांगला होता. "वेल्डिंग बढ़िया है," ते म्हणाले. मग ते माझ्या मागे गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: आख कुठून घेतला त्याची पावती, रिकाम्या ट्रॉलीच्या वजनाची चिठ्ठी, मागे लाल दिवे आणि उजेड पडला की चमकणाऱ्या लाल काचा, ट्रॅक्टरला जोडणारी पिन निसटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी, आणि ते दोन कोपरे कापायचे. "ये सब करके लाओ, उसी दिन नंबर मिलेगा. और इसमें आदमी मत बैठाना."

परतताना जयवंताने सौंसरच्या दुकानातून दोन लाल काचा घेतल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून त्या माझ्या पुढच्या अवजारांच्या पेटीत ठेवल्या. त्या बसवायला दोन छोट्या पट्ट्या वेल्ड करायच्या होत्या. अर्ध्या तासाचं काम.

पण संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली होती. बागेत बाया कामाला लागल्या, पेट्या भरू लागल्या, पांढुर्ण्याच्या रेल्वेवर माल पोचवायचा होता. यमुनेने दोनदा आठवण करून दिली.

"छिंदवाड्याचं काय झालं?"

"तोडणी होऊ दे. निवांत करून टाकतो."

तोडणी झाली. मग मृगाचा बहार आला. मग कापूस. एक वर्ष असंच गेलं. मी ओझी वाहत राहिले, लोक माझं कौतुक करत राहिले, आणि माझ्या पेटीत त्या दोन काचा पान्यांखाली दबून गेल्या. जयवंता आळशी नव्हता, मित्रांनो. जे काम त्याच्या हाताला आवडायचं ते तो जीव लावून करायचा. जे कागदाचं होतं ते उद्यावर टाकायचा. कागद म्हणजे फक्त साहेबांचं समाधान, असं त्याला वाटत होतं.

पुढच्या हिवाळ्यात, डिसेंबर महिन्यात, पेट्या भरून जयवंता, यमुना आणि मी निघालो होतो. दिवस बुडायला आला होता. सौंसरच्या अलीकडे माझं डावं चाक पंक्चर झालं. जयवंताने मला रस्त्याच्या कडेला घेतलं, पण कडेला खड्डा होता, म्हणून माझं अर्धं अंग डांबरावरच राहिलं. त्याने आखाखाली दगड रचले, चाक काढलं, ट्रॅक्टर सोडवला.

"मी सौंसरून पंक्चर काढून आणतो," तो यमुनेला म्हणाला. "तू इथी थांब. मागं एक फांदी टाकून दे, लोकांले दिसन."

यमुना बाभळीपाशी गेली. कोयता नव्हता, ती हाताने फांदी वाकवून पिळत होती. चिवट सालीमुळे ती तुटत नव्हती. तेवढ्यात समोरून नागपूरची बस आली, दोन्ही दिवे भगभगीत लावलेली. आणि माझ्या मागून सायकलवर शकुंतलाबाई येत होत्या.

शकुंतलाबाई या बोरगावच्या आरोग्य केंद्राच्या नर्स. आजूबाजूच्या सहा गावांत त्या सायकलने फिरत. कोणाच्या झोपडीत बाळंतपण अडलं, की रात्र असो वा पाऊस, बाई पोचायच्याच. त्या काळात या भागात जन्मलेल्या निम्म्या पोरांना पहिला हात त्यांचा लागला होता. यमुनेची मुलगी कुसुमसुद्धा पायाळू होती, बाईंनीच सोडवलेली.

बसच्या उजेडाने त्यांचे डोळे दिपले. मी त्यांना दिसलेच नाही. त्या सरळ माझ्यावर आल्या. स्वतःला सावरायला त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि तो माझ्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर बसला.

मी लोखंड आहे. मला हलता आलं नाही.

यमुना धावत आली. बाई डांबरावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर घेऊन. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

"नर्सबाई, काय झालं हो हे," यमुना रडू लागली. ती हात सरळ करायला गेली.

"ओढू नको," शकुंतलाबाई म्हणाल्या. दात आवळलेले, पण आवाज शांत होता. "जसा हाय तसाच ठेव. संत्र्याच्या पेटीची एक पट्टी तोड. हाताखाली घाल. आता फडकं पाहा."

यमुनेने माझी अवजारांची पेटी उघडली. फडकं शोधताना तिच्या हाताला वर्तमानपत्राचं पुडकं लागलं. तिने ते उकललं. बसच्या मागे आलेल्या ट्रकच्या उजेडात त्या दोन काचा लालभडक चमकल्या. यमुना क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने काचा खाली ठेवल्या आणि त्या कागदाखालचं फडकं घेऊन परत गेली. बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांनी हात पट्टीवर बांधून घेतला.

ट्रकवाल्याने बाईंना सौंसरला नेलं, तिथून नागपूरला. माझा पंचनामा झाला. पोलिसांनी मला ठाण्याच्या आवारात नेऊन उभं केलं, आणि पुढचे चौदा महिने मी तिथेच होते. संत्री उतरवून नेली होती. माझ्यावर ऊन, पाऊस, चिमण्यांची शीट.

एके दिवशी जयवंता आणि यमुना एका वकिलाला घेऊन मला दाखवायला आले. वकील हुशार होता. त्याने मला पाहिलं, रस्त्याचा नकाशा पाहिला.

"नंबर नाही, कागद नाही, म्हणून विमाही नाही," तो म्हणाला. "म्हणजे सगळं तुमच्या अंगावर येते. एकच मार्ग हाय. ट्रॉली पुरी रस्त्याच्या खाली होती, बाईच खाली घसरली, असं सांगा. दगड तर पंचनाम्याच्या आधीच हलवले हायेत. बाईले उजेडात काही दिसलं नाही, पाहणारी फक्त तुमची बायको."

जयवंता माझ्या दांड्यावर बसला. मला त्याच्या मनातलं कळत होतं. ट्रॅक्टर जाईल, बाग सुकेल. अखेर तो यमुनेला म्हणाला, "तू काय म्हणतं?"

"मी तथीच होती," यमुना म्हणाली. "मी फांदी तोडून राहिली होती. मले जे विचारतीन ते मी सांगीन."

"घर जाईन आपलं."

"जाऊ दे. नागपूरले मी बाईले भेटून आली. चमचा धरता येत नाही तिले. ती मले म्हणते, कुसुमची तब्येत कशी हाय." यमुना थांबली. "तिच्यापुढं मले पुन्हा उभं राहता आलं पायजे. तुमाले नको का?"

वकिलाने फाइल बंद केली. जयवंता उठला, माझ्या मागे गेला आणि त्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा राहिला. मला बनवल्यापासून पहिल्यांदाच तो मला मागून पाहत होता.

कोर्टात त्याने सगळं खरं सांगितलं. ट्रॉली माझी आहे, मी बनवली आहे, अर्धी रस्त्यावर होती, मागे काही लावलं नव्हतं, साहेबांनी लिहून दिलं होतं तरी केलं नाही. दंड झाला. बाईंना भरपाई द्यायची होती, त्यासाठी ट्रॅक्टर विकावा लागला. बाग वाचली.

मी सुटून घरी आले, ती बैलांच्या मागे. जयवंताने कोणाशी न बोलता ते दोन कोपरे कापले. साखळी लावली, दिव्यांच्या तारा ओढल्या, काचा बसवल्या. आखाची पावती आणली, वजनकाट्यावर माझं वजन केलं आणि दुसऱ्याचा ट्रॅक्टर उसना घेऊन मला छिंदवाड्याला नेलं. तेच इन्स्पेक्टर साहेब होते. त्यांनी पाहिलं आणि त्याच दिवशी नंबर दिला, बोलल्याप्रमाणे. जयवंता तो कागद हातात घेऊन अंगणात किती तरी वेळ उभा होता. सगळं काम दोन दिवसांत झालं होतं.

त्यानंतर त्याने वेल्डिंगचं यंत्र गोठ्यात टाकलं. कोणी नांगर दुरुस्त करायला आणला तरी तो सौंसरचा पत्ता सांगायचा.

शकुंतलाबाई कामावर परतल्या, पण मनगट वळत नव्हतं. बाळंतपणं आता दुसरी नर्स करायची. बाई केंद्रात बसून लस टोचल्याची नोंद डाव्या हाताने लिहायच्या. हळूहळू अक्षर जमलं. मात्र अडलेल्या बाळंतिणीच्या घरचे लोक अजून त्यांच्याच दाराशी यायचे आणि बाईंना "दुसऱ्या बाईले सांगा" म्हणावं लागायचं. हे मला माझ्यावर बसणाऱ्या बायांच्या बोलण्यातून कळायचं.

१९८७ साली, एका सकाळी, शकुंतलाबाई स्वतःच आमच्या अंगणात आल्या. सोबत तुळशीराम नावाचा शेतकरी होता. जयवंताने बाज टाकली आणि बाजूला उभा राहिला. बाईंसमोर तो कधी बसत नसे.

"जयवंताभाऊ, हा ट्रॉली बनवून राहिला," बाई म्हणाल्या. "घरीच. म्हणते, कागदाचं मग पाहू. तुमी बनवून द्या याले."

"मी सोडलं ते काम, बाई."

"मले माहीत हाय."

"मग मले काऊन सांगता? माह्याच हातानं तुमचा हात गेला."

शकुंतलाबाईंनी उजवा हात डाव्या हातात धरला होता. "तुमी नाही दिली, तर हा कुठीही बनवीन," त्या म्हणाल्या. "आन् कोणीतरी सायकलवर येईन. काय चुकलं ते या सहा गावांत तुमच्याएवढं कोणाले माहीत हाय, सांगा."

यमुना चहा घेऊन दारात थांबली होती. जयवंता तुळशीरामकडे वळून म्हणाला, "वही हाय का?"

मग तो त्याला माझ्याजवळ घेऊन आला. पुढून नाही, मागून. इथे कोपरा होता, कापल्याची खूण पाहा. इथे दिवा पाहिजे, चिखलाने झाकणार नाही एवढा वर. इथे साखळी, पिनीवर भरवसा ठेवायचा नाही. रुंदी एवढीच. पावती सांभाळ. पहिलं लोखंड घेण्याआधी छिंदवाड्याला जाऊन विचार, मी येतो संग. तुळशीराम लिहीत होता. माझ्या एकेका चुकीखाली त्याने रेघ ओढली. शकुंतलाबाई थोड्या अंतरावर उभ्या राहून ऐकत होत्या.

ते तिघे छिंदवाड्याच्या बसच्या रस्त्याला लागले, तेव्हा वेल्डिंगचं यंत्र टाकलेल्या गोठ्याचं दार जयवंताने उघडून ठेवलं होतं.

मित्रांनो, माझ्यासारखी मजबूत ट्रॉली या भागात फार कमी बनली असेल. तरी मला कोणी कौतुकाने दाखवू नये. घरी काही बनवाल तेव्हा ते चालतं की नाही एवढंच पाहू नका. आपल्या मागून अंधारात कोण येणार आहे, त्याच्या जागी जाऊन उभे राहा, आणि जे अर्ध्या तासाचं आहे ते त्याच दिवशी करा. माझा नंबर आजही स्पष्ट वाचता येतो. शकुंतलाबाई बागेवरून जातात तेव्हा त्या सायकल डाव्या हाताने धरून पायी चालत असतात.